उरलेली पंधरा षटकं आणि पाच चेंडू

१३ मार्च १९९६ च्या रात्री कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा श्रीलंकेविरुद्धचा उपांत्य सामना थांबला, तेव्हा भारताच्या आठ बाद १२० धावा झाल्या होत्या. जिंकायला आणखी १३२ धावा हव्या होत्या, पंधरा षटकं आणि पाच चेंडू शिल्लक होते आणि विनोद कांबळी १० धावांवर नाबाद उभा होता. सामना हातचा गेलाय हे सगळ्यांना दिसत होतं. पण तो संपला नव्हता. तो प्रेक्षकांनी संपवला.

त्या रात्रीचा विषय निघाला की आजही वाद होतो तो नाणेफेकीचा. कर्णधार अझरुद्दीननं आधी फलंदाजी का घेतली नाही, खेळपट्टी कुणाला वाचता आली नाही, चुकलं कोण. मला त्या रात्रीचं खरं नुकसान वेगळं वाटतं. चाचपडणाऱ्या खेळाडूवर टीका करायचा प्रेक्षकाला पूर्ण हक्क आहे. तिकीट त्यानं काढलेलं असतं, उन्हात तो बसलेला असतो, जीव त्यानं लावलेला असतो. पण त्या टीकेला उत्तर द्यायला खेळाडूकडे एकच जागा असते, ती म्हणजे मैदान. त्या रात्री ती जागाच काढून घेतली गेली. हे एकाएकी झालं नाही. त्या रात्रीपर्यंतचा रस्ता वर्षं, दिवस, तास आणि शेवटी चेंडू मोजत मागे जाऊन पाहता येतो.

आधीची वर्षं

ईडनला राग नवा नव्हता. १ जानेवारी १९६७ ला वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत जागेपेक्षा जास्त माणसं आत आली, लाठ्या चालल्या, जाळपोळ झाली आणि त्या दिवशीचा खेळ झालाच नाही. त्या वेस्ट इंडिज संघात क्लाईव्ह लॉईड नावाचा एक तरुण, उंच डावखुरा फलंदाज होता.

१९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये आपला संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला आणि मालिका ३-० अशी गेली. तीनच वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्या घरात हरवून आलेल्या अजित वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड पडले. १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरला उभारलेल्या काँक्रीटच्या बॅटला काळं फासलं गेलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळल्यावर वाडेकर खेळातून बाहेर पडले. 

कोलकात्याच्या फुटबॉलमध्ये हाच राग आणखी जवळून अंगावर यायचा. ३० सप्टेंबर १९७५ ला आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० असं हरवलं. त्या रात्री बागानच्या काही खेळाडूंनी घरी न जाता गंगेत नावेवर रात्र काढली, असं तिथले जुने लोक सांगतात. समर्थकांसमोर जायची सोय उरली नव्हती. पुढे १६ ऑगस्ट १९८० ला याच दोन संघांचा सामना ईडनवर झाला. मैदानात दोन खेळाडू एकमेकांना भिडले, ती आग स्टँडमध्ये पसरली आणि चेंगराचेंगरीत १६ माणसं गेली. दरवर्षी त्या दिवशी कोलकात्यात फुटबॉलप्रेमी त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान करतात.

आणि जानेवारी १९८५. इंग्लंडविरुद्धच्या ईडन कसोटीतून कपिल देवला वगळलं होतं, डाव रेंगाळला होता, घोषित होत नव्हता. कर्णधार सुनील गावसकरांविरुद्ध घोषणा झाल्या, स्टँडमध्ये बसलेल्या त्यांच्या पत्नीवर फळं फेकली गेली. गावसकरांनी ठरवलं, या मैदानावर पुन्हा खेळायचं नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्ध ते ईडनवर उतरले नाहीत आणि त्यांची सलग १०६ कसोटींची मालिका तिथं तुटली.

खेळ सोडून निघून जाणं, नदीवर लपणं, मैदानावरच बहिष्कार. प्रेक्षकांच्या रागाला खेळाडूंनी दिलेली ही तीन उत्तरं १९९६ च्या आधीच कोलकात्याच्या आणि आपल्या खेळाच्या गाठीला होती. यातलं एकही उत्तर बॅटनं किंवा पायानं दिलेलं नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

एक महिना आधी, १३ फेब्रुवारी

३१ जानेवारीला कोलंबोत मध्यवर्ती बँकेवर भीषण बॉम्बहल्ला झाला. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज यांनी विश्वचषकाचे सामने तिथं खेळायला नकार दिला. तेव्हा भारत आणि पाकिस्तानच्या खेळाडूंनी मिळून एकच संघ केला आणि १३ फेब्रुवारीला कोलंबोत जाऊन श्रीलंकेशी मैत्रीचा सामना खेळला. कर्णधार अझरुद्दीन होता. सचिन आणि वसीम अक्रम एकाच बाजूनं खेळले. बरोबर एक महिन्यानं त्याच श्रीलंकेच्या खेळाडूंवर भारतातल्या मैदानात बाटल्या येणार होत्या.

अकरा दिवस आधी, २ मार्च

दिल्ली, साखळी सामना. सचिनचं शतक, १३७ धावा, भारत ३ बाद २७१. श्रीलंकेनं पाठलाग सुरू केला आणि जयसूर्या-कालुविताराणा जोडीनं मनोज प्रभाकरला धू धू धुतलं. त्याच्या पहिल्या दोन षटकांत ३३ धावा गेल्या. मैदान त्याच्याच गावचं, माणसंही त्याच्याच गावची. त्यांनीच त्याची हुर्यो उडवली. वेगवान गोलंदाज म्हणून संघात आलेला प्रभाकर नंतर ऑफस्पिन टाकताना दिसला. चार षटकांत ४७ धावा. श्रीलंका जिंकली आणि प्रभाकर भारताकडून पुन्हा खेळला नाही.

इथं गर्दीला एक गोष्ट कळली. ओरडलं की माणूस संघाबाहेर जातो. आणि संघाला दुसरी कळली. श्रीलंकेला पाठलाग करू द्यायचा नाही.

सात दिवस आधी, ६ मार्च

कानपूर. झिम्बाब्वेविरुद्ध तीन गडी झटपट गेले होते. नवज्योत सिद्धूबरोबर विनोद कांबळीनं डाव उभा केला आणि १०६ धावा काढल्या. रमाकांत आचरेकरांच्या तालमीत तयार झालेला, १९८८ मध्ये शारदाश्रमसाठी सचिनबरोबर ६६४ धावांची भागी करताना स्वतः नाबाद ३४९ काढलेला, १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकलेला हा पोरगा. त्या दिवशी तो देशाचा लाडका होता. त्या शतकाचं मोल बरोबर सात दिवस टिकलं.

चार दिवस आधी, ९ मार्च

बंगळूर, उपांत्यपूर्व फेरी, समोर पाकिस्तान. सिद्धूच्या ९३ धावा आणि अजय जाडेजाचे २५ चेंडूंत ४५. आपण ३९ धावांनी जिंकलो. रस्त्यावर फटाके वाजले.

सीमेपलीकडे त्याच रात्री वेगळी आग पेटली. दुखापतीमुळे न खेळलेल्या वसीम अक्रमचे पुतळे जाळले गेले, त्याच्या घरावर दगडफेक झाली. आपण ते वाचलं आणि ते लोक तसेच, असं म्हणून पान उलटलं. दोन वर्षांपूर्वी, २ जुलै १९९४ ला मेडेलिन शहरात कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार गोळ्या घालून मारला गेला होता. दहा दिवस आधी विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध त्याच्याकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला होता. मरण्यापूर्वी त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहून आपल्या माणसांना सांगितलं होतं की आयुष्य इथं संपत नाही. तेही आपल्याला दूर कुठल्या तरी देशातलं वाटलं होतं.

सुमारे सात तास आधी, दुपार

ईडन भरलं. लाखाच्या आसपास माणसं. अझरुद्दीनचं हे हक्काचं मैदान. १९८४-८५ मध्ये इथंच पदार्पणात ११०, १९९३ मध्ये इंग्लंडविरुद्ध इथंच १८२. ड्रेसिंग रूममध्ये संघाचे व्यवस्थापक म्हणून बसले होते अजित वाडेकर, १९७४ चे दगड खाल्लेले. सामनाधिकारी म्हणून क्लाईव्ह लॉईड, १९६७ ची धग पाहिलेले. १९८३ मध्ये ते याच मैदानावर कर्णधार म्हणून नाबाद १६१ काढून गेले होते आणि चिडलेल्या ईडनचा आवाज त्यांनी तेव्हाही ऐकला होता. त्या दिवशी मैदानावर कुणाला पुढचं चित्र दिसू शकत असेल, तर या दोघांना.

अझरनं नाणेफेक जिंकली आणि क्षेत्ररक्षण घेतलं. दिल्लीत बसलेला चटका त्यामागे होता. खेळपट्टी नव्यानं तयार केलेली होती आणि दिव्यांखाली ती कशी वागेल हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिलं षटक

जवागल श्रीनाथ धावत आला. कालुविताराणा थर्ड मॅनला झेल देऊन शून्यावर गेला. लगेच जयसूर्याही तिथंच झेल देऊन एका धावेवर गेला. २ बाद १. दिल्लीत धुणारे दोघेही परतले. ईडनचा तो आवाज ऐकलेले लोक सांगतात की कान बधिर झाले. गुरुसिन्हाही श्रीनाथनंच काढला. ३ बाद ३५.

हा आनंद पुढच्या रागाएवढाच महत्त्वाचा आहे. ज्या प्रेक्षकानं पहिल्या षटकात सामना जिंकून टाकला, त्याला रात्री तो हरताना बघवत नाही. अपेक्षा जितकी लवकर वर जाते, तितक्या उंचीवरून ती पडते.

सुमारे पाच तास आधी, संध्याकाळ

अरविंद डिसिल्वानं मात्र खेळपट्टी, गर्दी, धावफलक कशाकडेच पाहिलं नाही. ४७ चेंडूंत ६६ धावा, त्यात १४ चौकार. कुंबळेनं त्याचा त्रिफळा उडवला तेव्हा श्रीलंका ४ बाद ८५ होती. नंतर रोशन महानामानं पायात गोळे येईपर्यंत ५८ काढल्या आणि त्याला मैदान सोडावं लागलं. रणतुंगा ३५, तिलकरत्ने ३२, शेवटी वासच्या झटपट २२. ५० षटकांत ८ बाद २५१.

या डावात एक गोष्ट मोठी होती. ३ बाद ३५ वर गेलेल्या संघाला उत्तर द्यायला वेळ मिळाला. त्यांनी तो वापरला.

सुमारे अडीच तास आधी

दिवे लागले. सिद्धू ३ धावांवर गेला. १ बाद ८. मग सचिन आणि संजय मांजरेकर. एक दादरच्या शाळेतून आलेला, दुसरा विजय मांजरेकरांचा मुलगा. दोघंही मुंबईच्या मैदानांच्या मातीत घडलेले. त्यांनी घाई केली नाही. धावफलक ५०, ७०, ९० असा चढत गेला. सचिनची पन्नाशी झाली. त्या स्पर्धेत सर्वाधिक, ५२३ धावा त्याच्याच नावावर लागणार होत्या.

सुमारे एक तास आधी

त्या रात्री इकडे आमच्या मालवणातही ईडन भरलेलं होतं. शिमगा सरत आला होता, कुठे कुठे रोंबाटं अजून चालू होती. मुंबईला जायचं तर एस.टी.च्या रात्रभराच्या प्रवासाशिवाय गत नव्हती, कोकण रेल्वेची पूर्ण वाट अजून खुली झाली नव्हती. पण दूरदर्शन होतं. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या पडवीत अख्खी वाडी. आतल्या खोलीत बायका-मुलं, ओट्यावर म्हातारी माणसं, खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं, बंदरावरून परतलेले रापणकरी.

सचिन सगळ्यांचा होता. विनोद मात्र आमचा थोडा जास्त होता. कांबळी हे आडनाव इथल्या वाड्यावाड्यांत आहे. रंगभूमीवर मालवणी बोली गाजवणारे मच्छिंद्र कांबळी तर घराघरात पोचलेले. त्यामुळे विनोद मुंबईत कांजूरमार्गला वाढलेला असला, तरी आडनावानं तो आमच्या वाडीतला. आणि आपल्या माणसाचं आपण जितकं कौतुक करतो, तितकंच त्याला फाडूनही खातो.

एक बाद ९८. जयसूर्याचा चेंडू लेगस्टंपाबाहेर, सचिनच्या पॅडला लागून जवळच राहिला. धाव दिसली म्हणून तो पुढे सरकला. कालुविताराणानं चेंडू उचलला आणि बेल्स उडवल्या. ६५. पडवीत कुणी बोललं नाही.

शेवटच्या २२ धावा

यापुढचा काळ घड्याळानं मोजता येत नाही, धावफलकानं मोजावा लागतो.

९९: अझरुद्दीन धर्मसेनाच्या हातात झेल देऊन शून्यावर. याच मैदानानं ज्याला डोक्यावर घेतलं, तो हुर्योतून परत गेला.

१०१: मांजरेकर २५ वर, जयसूर्याच्या चेंडूवर त्रिफळा. चेंडू हातभर वळत होता.

११०: जाडेजाच्या आधी पाठवलेला श्रीनाथ ६ वर धावबाद.

११५: चार दिवसांपूर्वीचा नायक जाडेजा शून्यावर त्रिफळाचीत.

१२०: मोंगिया १ वर.

१२०: पस्तिसाव्या षटकाचा पहिला चेंडू. आशिष कपूरनं मुरलीधरनला उंच मारलं, झेल. शून्य.

९८ ला एक गडी होता, १२० ला आठ. बावीस धावांत सात. अझर गेल्यापासून एका टोकाला विनोद होता. मांजरेकर, श्रीनाथ, जाडेजा, मोंगिया, कपूर असे पाच जण त्याच्या डोळ्यांसमोर गेले. तो मारत नव्हता, कारण मारून टिकता येत नव्हतं, आणि टिकूनही पुरत नव्हतं. "मार तरी, नायतर आऊट तरी हो!" असं आमच्या पडवीत कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी री ओढली. तेच वाक्य त्याच क्षणी देशात किती भाषांत ओरडलं गेलं असेल.

इथपर्यंत टीका होती. कडू, अन्यायी, पण टीका. पडवीतला आवाज टीव्हीच्या काचेपलीकडे जात नाही. तो ऐकून विनोदचा पुढचा चेंडू कुणी अडवणार नव्हतं. ईडनच्या स्टँडमधून सुटलेली बाटली मात्र थेट सीमारेषेच्या आत पडत होती.

अनर्थ

कपूरचा झेल घेतला गेला आणि बाटल्या आल्या. आधी सीमारेषेजवळ, मग आत. फळं, कागद, जे हाताला लागेल ते. सीमेवर उभे श्रीलंकेचे क्षेत्ररक्षक मधोमध गोळा झाले. लॉईड मैदानात उतरले आणि त्यांनी दोन्ही संघ आत नेले.

स्टँडमध्ये ज्वाळा उठल्या. ज्या ईडननं नोव्हेंबर १९९३ मध्ये हीरो चषकाच्या उपांत्य सामन्यात सचिनच्या शेवटच्या षटकानंतर वर्तमानपत्रांच्या मशाली पेटवून रात्र उजळली होती, त्याच ईडनमध्ये आता बसण्याच्या जागा जळत होत्या. आनंदात जाळायची सवय एकदा लागली की रागात पेटायला फारसा वेळ लागत नाही.

थोड्या वेळानं खेळ पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला. पुन्हा बाटल्या आल्या. लॉईडनी निर्णय दिला: सामना श्रीलंकेला. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याचा निकाल प्रेक्षकांच्या वागण्यावरून लागला.

विनोद पॅडसकट, हातात बॅट घेऊन मैदानाबाहेर येत होता. तो रडत होता. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर होता आणि ते रडणं देशानं पाहिलं. त्याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीनं लावला, हरल्याचं दुःख, अपमान, भीती. पण वस्तुस्थिती एवढीच की तो बाद झालेला नव्हता. दुसऱ्या टोकाला अनिल कुंबळे शून्यावर होता, तोही नाबाद. पंधरा षटकं आणि पाच चेंडू हे त्या दोघांचे होते. १३२ धावा बहुधा झाल्या नसत्या. पण सात दिवसांपूर्वी शतक काढलेला फलंदाज त्या चेंडूंतून काय देऊ शकला असता, हे कुणालाच कधी कळणार नाही. ज्यांनी त्याला सर्वांत मोठ्यानं नावं ठेवली, त्यांनीच त्याला उत्तर द्यायची संधी नाकारली.

त्याच जळक्या वासात सामनावीराचा पुरस्कार अरविंद डिसिल्वाला दिला गेला. चिडलेल्या त्या गर्दीतूनच कुणीतरी श्रीलंकेचं अभिनंदन करणारा आणि माफी मागणारा फलक धरला होता. कोलकात्याला न्याय द्यायचा तर तो फलकही मोजला पाहिजे.

चार दिवसांनंतर आणि पुढे

१७ मार्चला लाहोरमध्ये श्रीलंकेनं ऑस्ट्रेलियाला सात गड्यांनी हरवून विश्वचषक जिंकला. डिसिल्वानं नाबाद १०७ काढल्या. आपण विश्वविजेत्यांकडून हरलो होतो, हे आपल्याला चार दिवसांनी कळलं.

विनोद त्यानंतर एकदिवसीय संघात आत-बाहेर करत २००० पर्यंत खेळला. कसोटीत तो पुन्हा दिसलाच नाही. १७ कसोटींत १०८४ धावा, सरासरी ५४.२०. एवढी सरासरी असलेला फलंदाज चोविसाव्या वर्षाच्या आत कसोटी क्रिकेटमधून संपतो, याला त्याच्या स्वतःच्या वागण्यासकट पुष्कळ कारणं सांगितली जातात. पण त्याच्या नावाबरोबर लोकांच्या मनात आजही आधी येतो तो त्या रात्रीचा रडका चेहरा, ती दोन द्विशतकं येत नाहीत. २०११ मध्ये त्यानं त्या नाणेफेकीच्या निर्णयाबद्दल जाहीर संशय व्यक्त केला. अझरुद्दीननं तो फेटाळला, संघातल्या इतरांनीही तो निर्णय सगळ्यांचा होता असं सांगितलं. सिद्ध काही झालं नाही. अर्धवट तुटलेल्या सामन्यातून असाच संशय उरतो. पूर्ण झालेला सामना माणसं विसरू तरी शकतात.

तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, ईडनवरच पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत शोएब अख्तरशी टक्कर होऊन सचिन धावबाद झाला आणि स्टँड पुन्हा पेटले. तेव्हा सचिन स्वतः क्रिकेट प्रशासक जगमोहन दालमियांबरोबर मैदानाभोवती फिरला आणि लोकांना शांत राहण्याची विनंती केली. त्या दिवशी खेळ पुढे सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोंधळ झाल्यावर मात्र स्टँड रिकामे करून सामना पूर्ण करावा लागला. ४६ धावांनी आपण हरलो, पण तो निकाल चेंडूंनी लावला. १९६७ आणि १९९६ नंतर कुणीतरी हे शिकलं होतं की गर्दी हटवावी लागली तरी चालेल, उरलेला खेळ मात्र होऊ द्यायचा.

आणि फुटबॉलमधलं सर्वांत चांगलं उत्तर मुंबईत दिलं गेलं. १ जून २०१८ ला अंधेरीच्या मैदानावर भारतानं चिनी तैपेईला ५-० असं हरवलं, सुनील छेत्रीनं तीन गोल केले, आणि पाहायला आले होते अवघे अडीच हजारांच्या आसपास लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं एक चित्रफीत प्रसृत केली. त्याचं मागणं साधं होतं. शिव्या द्या, टीका करा, आमच्या तोंडावर ओरडा, पण मैदानात येऊन आम्हाला खेळताना बघा. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. तिकिटं संपली, पाऊस पडत होता, स्टँड भरलेले होते. भारत ३-० जिंकला, दोन गोल छेत्रीचे.

त्यानं टीका बंद करा असं म्हटलं नाही. टीका करायला समोर या आणि शेवटपर्यंत थांबा, एवढंच मागितलं. वाडेकर, मोहन बागानचे खेळाडू, गावसकर, कांबळी यांच्यापैकी कुणालाच हे इतक्या स्पष्टपणे मागता आलं नव्हतं.

तक्रार कशी करावी हे आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना शिकवायला नको. गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, तेव्हा जे काही बिनसलंय ते देवासमोर, सगळ्या गावासमोर मोठ्यानं सांगितलं जातं आणि प्रत्येक वाक्याला माणसं व्हय म्हाराजा म्हणतात. ज्याच्याकडे तक्रार, ती त्याच्याच दारात, आणि शेवटचं मागणं मात्र सगळ्यांच्या भल्याचं. खेळाडूवरची टीकाही अशीच असावी असं मला वाटतं. ती कठोर असो, उघड असो, त्याच्या खेळाबद्दल असो. तिच्यात त्याचं घर, त्याची बायको, त्याची जात, त्याचं माणूसपण येऊ नये. आणि ती केल्यावर आपण थांबावं, त्याला पुढचा चेंडू खेळू द्यावा.

आज आमच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, पलीकडे गोव्याच्या वाऱ्यानं फुटबॉलही रुजतोय. तिथंही पोरगं झेल सोडतं, पेनल्टी बाहेर मारतं आणि मांडवातून आवाज येतात. आयोजकांनी, प्रशिक्षकांनी आणि लाऊडस्पीकर हातात असणाऱ्यांनी एक नियम पाळला तरी पुष्कळ होईल. चुकलेल्या पोराला त्याच सामन्यात बाहेर काढायचं नाही, त्याच्या नावानं माईकवरून काही बोलायचं नाही आणि प्रेक्षकांनी गोंधळ घातला तर खेळ थांबवायच्या आधी प्रेक्षक थांबवायचे. निकाल काय लागायचा तो लागेल. शेवटच्या चेंडूपर्यंत उत्तर द्यायचा हक्क खेळाडूचा आहे आणि तो त्याला मिळवून देणं ही आपली, बघणाऱ्यांची जबाबदारी आहे.